बहात्तरावा हिस्सा : प्लॅस्टिकच्या चेतकमधले विज्ञान

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात ‘मॉडेल’ नावाची वस्तू हटकून असते. थर्मोकोलचे धरण, पुठ्ठ्याचा कारखाना, बाजूला रंगवलेली झाडे. झाड धरणाच्या भिंतीपेक्षा उंच आणि माणूस मोटारीएवढा, हेही नेहमीचेच. हे मॉडेल कोणत्या प्रमाणात केले, असे विचारले तर बहुधा उत्तर मिळत नाही. वस्तू सुबक दिसते, पण ती पाहणाऱ्याला खोटी माहिती देत असते. प्रतिकृती म्हणजे केवळ लहान आकाराची नक्कल नव्हे. काय ठेवायचे, काय गाळायचे आणि ते का, याचा हिशेब तिच्यामागे असावा लागतो. हा हिशेब शिकवायला प्लॅस्टिकच्या छोट्या हेलिकॉप्टरसारखे दुसरे साधन क्वचितच मिळेल. अकोल्यात आमच्या जठारपेठेतल्या मुलांबरोबर असे हेलिकॉप्टर जुळवताना आठवी-नववीच्या पुस्तकातले कितीतरी धडे आपोआप समोर येतात. त्यांतले काही येथे मांडतो.

चेतकच का?

उदाहरणासाठी आपण चेतक घेऊ. फ्रान्समध्ये तयार झालेले ‘अलुएत-३’ हे हेलिकॉप्टर १९५९ साली प्रथम उडाले. फ्रेंच भाषेत अलुएत म्हणजे चंडोल पक्षी. १९६२ साली त्याच्या भारतीय उत्पादनाचा करार झाला, १९६५ मध्ये बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये जुळवलेले पहिले यंत्र उडाले आणि चंडोलाचा ‘चेतक’ झाला. भारतात अशी तीनशेहून अधिक हेलिकॉप्टरे तयार झाली. गोव्यात दाभोळी विमानतळाजवळ १९९८ साली सुरू झालेल्या नौदलाच्या विमान संग्रहालयात चेतक जवळून पाहता येते. शाळेची सहल गोव्याला जाणार असेल तर तेथे तासभर जरूर राखून ठेवावा.

छोट्या विमानांसाठी १:७२ हे प्रमाण १९३० च्या दशकात ब्रिटनमध्ये रूढ झाले. सहा फुटांचा माणूस बरोबर एक इंच होतो, म्हणून ते सोयीचे ठरले. या प्रमाणाचा शाळांशी जुना संबंध आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेच्या नौदलाने तेथील माध्यमिक शाळांतल्या मुलांकडे विमानांच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती मागितल्या. सैनिकांना आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे आकारावरून ओळखता यावे हा हेतू होता. ३० सेंटिमीटरवर धरलेली १:७२ ची प्रतिकृती २१.६ मीटरवरच्या खऱ्या विमानाएवढीच दिसते. प्रतिकृती चुकली तर ओळख चुकणार आणि स्वतःच्याच विमानावर गोळी झाडली जाणार. तेव्हा प्रमाण पाळणे हा केवळ हौसेचा प्रश्न नव्हता.

लांबी, क्षेत्रफळ, घनफळ

चेतकच्या मुख्य पंख्याचा व्यास ११.०२ मीटर आहे. त्याला ७२ ने भागले की १५३ मिलिमीटर येतात. धडाची लांबी सुमारे १० मीटर, म्हणजे प्रतिकृतीत १३९ मिलिमीटर. उंची ३ मीटर, म्हणजे ४२ मिलिमीटर. पूर्ण हेलिकॉप्टर तळहातावर मावते.

आता मुलांना विचारावे की वजन किती व्हायला हवे? बरेच जण पुन्हा ७२ ने भागतात. रिकाम्या चेतकचे वजन सुमारे ११४० किलो आहे, तेव्हा उत्तर येते जवळजवळ १६ किलो! हे अशक्य आहे, हे मुलांनाही लगेच कळते आणि मग खरा विचार सुरू होतो. लांबी ७२ पट कमी झाली की पृष्ठभाग ७२ × ७२, म्हणजे ५१८४ पट आणि घनफळ ३,७३,२४८ पट कमी होते. या शेवटच्या संख्येने भागले की उत्तर येते साधारण ३ ग्रॅम.

प्लॅस्टिकची प्रतिकृती तराजूत घातली तर मात्र ती याहून कितीतरी जड भरते. त्याचे कारण भिंतींच्या जाडीत आहे. साच्यातून निघालेल्या भागांची भिंत साधारण एक मिलिमीटर जाड असते. ७२ ने गुणल्यावर ती होते ७ सेंटिमीटर! खऱ्या यंत्राचा अॅल्युमिनियमचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा. त्याचा बहात्तरावा हिस्सा साच्यात ओतणे शक्य नाही. म्हणून उघड्या दाराची किंवा खिडकीची कड बाहेरून दिसत असेल तर ती आतल्या बाजूने पॉलिशपेपरने तिरकी घासून बारीक करतात. भिंत जाडच राहते, दिसते मात्र पातळ.

काय दाखवावे, काय गाळावे?

बारकावे भरण्याचा उत्साह आला की थांबायचे कोठे, हे कळत नाही. येथे आपला डोळाच मदत करतो. निरोगी डोळ्याला कोनाच्या सुमारे एका मिनिटाएवढा, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा फरक ओळखता येतो. ३० सेंटिमीटर अंतरावर हा कोन साधारण ०.०९ मिलिमीटर होतो. त्याला ७२ ने गुणले की सहा मिलिमीटरांच्या आसपास येते. म्हणजे खऱ्या यंत्रावर सहा मिलिमीटरांहून लहान असलेली वस्तू या प्रतिकृतीत दिसताच कामा नये.

जुन्या साच्यांतल्या प्रतिकृतींवर रिव्हेटांचे टपोरे ठिपके असतात. ठिपका ०.३ मिलिमीटरचा असला तरी खऱ्या मापात तो २१ मिलिमीटर, म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढा होतो. असे ठिपके घासून टाकलेलेच बरे. दोन अर्ध्या भागांच्या सांध्यात अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, तर ती ३६ मिलिमीटरची भेग झाली. ती मात्र भरलीच पाहिजे. गाळणे आणि भरणे या दोन्ही निर्णयांमागे एकच गुणाकार आहे.

जे दिसायला हवे त्यासाठी घरातल्या वस्तू पुरतात. २५ मिलिमीटरची नळी दाखवायची तर ०.३५ मिलिमीटरची तार लागते. जुन्या वायरमधल्या तांब्याच्या बारीक तारा त्याच सुमाराच्या असतात. खिडकीची काच फुटली तर गोळ्यांच्या पाकिटाचे पारदर्शक प्लॅस्टिक चालते. त्याहून बारीक दोरे हवे असतील तर सुटे भाग ज्या काडीला जोडलेले येतात, ती मेणबत्तीच्या ज्योतीच्या वर (ज्योतीत नव्हे) फिरवत मऊ करावी, बाहेर काढून सावकाश ओढावी. केसासारखा धागा निघतो. पॉलिस्टायरीन तापले की मऊ होते आणि निवले की पुन्हा कडक, हा उष्मामृदू प्लॅस्टिकचा गुण येथे प्रत्यक्ष दिसतो. हे काम शिक्षकांनी स्वतः करावे.

पाती वाकलेली की सरळ?

उभ्या हेलिकॉप्टरची पाती स्वतःच्या भाराने टोकाकडे खाली झुकलेली असतात. प्रतिकृतीची पाती मात्र ताठ राहतात. असे का? एकाच पदार्थाची, एकाच आकाराची पट्टी ७२ पट लहान केली तर लांबीच्या तुलनेत तिचा झोल ७२ पट कमी होतो. वजन घनफळाबरोबर घटते, ताकद मात्र तितक्या वेगाने घटत नाही. मोठ्या प्राण्यांची हाडे प्रमाणाबाहेर जाड का असावी लागतात, हे गॅलिलिओने १६३८ साली याच तत्त्वावर सांगितले होते. प्लॅस्टिक अॅल्युमिनियमपेक्षा लवचिक असले तरी येथे लहानपणाचीच सरशी होते.

म्हणून झोल आपणच द्यावा लागतो. पाते गरम पाण्यात क्षणभर बुडवून बोटांनी हलकेच वाकवावे. पण आधी ठरवावे की आपले चेतक जमिनीवर आहे की हवेत. उडताना पंखा मिनिटाला सुमारे ३५० फेरे घेतो आणि पात्याचे टोक सेकंदाला २०० मीटर वेगाने जाते. तेथील प्रत्येक ग्रॅमवर त्याच्या वजनाच्या सातशे पटींहून अधिक ओढ बाहेरच्या दिशेने जाणवते. त्यामुळे पाती ताणली जातात आणि उचल मिळाल्याने किंचित वर उठतात. हवेत टांगलेल्या प्रतिकृतीची पाती झुकलेली असतील तर ते चित्र खोटे आहे.

आणखी एक तपासणी. चेतकचा पंखा वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. अमेरिकी हेलिकॉप्टरांचा बहुतेक उलट फिरतो. पात्याची जाड, गोलसर कड पुढे जाणारी असते. तेव्हा मधल्या दांड्यापाशी उभे राहून टोकाकडे पाहतो आहोत अशी कल्पना केली, तर चेतकमध्ये ही कड उजव्या हाताला हवी. पाते उलटे चिकटवले तर पंखा हवेला मागच्या कडेने कापू लागेल! पंख्याला एका दिशेने फिरवताना धड उलट दिशेने फिरू पाहते, हा न्यूटनचा तिसरा नियम. शेपटीवरचा तीन पात्यांचा छोटा पंखा त्याला आवरतो. गोव्याच्या त्याच संग्रहालयातल्या कामोव्ह-२५ ला शेपटीचा पंखा नाही. कारण त्याचे एकावर एक असलेले दोन पंखे परस्परविरुद्ध फिरतात.

संत्र्याची साल आणि गोंद

लाकूड सच्छिद्र असल्याने फेव्हिकॉल त्यात शिरतो, पॉलिस्टायरीनमध्ये शिरत नाही. प्लॅस्टिकचा खास गोंद दोन्ही कडांचा थर विरघळवतो, रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रावक उडून गेल्यावर सांधा एकजीव होतो. तो एक प्रकारचा थंड जोड आहे. अशा गोंदांतल्या द्रावकांची वाफ घातक असते. काम खिडकीजवळच करावे आणि औद्योगिक द्रावक मुलांच्या हाती कदापि देऊ नयेत. पारदर्शक काचेला मात्र फेव्हिकॉलच बरा. तो तेथे पुरेसा धरतो आणि वाळल्यावर दिसत नाही. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ काचेवर पांढुरकी साय धरते.

विरघळण्याचा निरुपद्रवी प्रयोग आपल्या वऱ्हाडात कोणत्याही शाळेला करता येईल. नागपुरी संत्र्याची साल थर्मोकोलच्या तुकड्यावर दाबून पिळावी. थर्मोकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीनच. सालीच्या तेलातल्या लिमोनीनमुळे त्यावर बारीक खड्डे पडलेले दिसतात. प्रतिकृतींसाठी लिमोनीनचा गोंदही मिळतो, त्याला संत्र्याचाच वास येतो.

अकोल्याच्या उन्हाळ्याची दखलही घ्यावी लागते. पारा ४५ अंशांवर गेला की फवाऱ्याने मारलेला रंग पृष्ठभागावर पोचण्याआधीच वाळतो आणि खरखरीत थर बसतो. रंगकाम पहाटे उरकावे. पत्र्याखाली किंवा बंद मोटारीत प्रतिकृती ठेवली तर पातळ भाग पिळवटतात.

वर्गात करण्यासाठी

किट मिळाले नाही तरी अडत नाही, पुठ्ठ्याचे चेतकही चालेल. प्रत्येक गटाने तीन रकान्यांचा तक्ता करावा : खरे माप, ७२ ने भागलेले माप आणि प्रत्यक्ष केलेले माप. शेवटच्या दोन रकान्यांतला फरक लपवू नये, तो का पडला हे लिहावे. मग दोरा पंख्याच्या दांड्याला बांधून प्रतिकृती टांगावी. खऱ्या हेलिकॉप्टरचा गुरुत्वमध्य दांड्याच्या जवळपास खाली असावा लागतो, कारण उचल तेथेच लागते. आपली प्रतिकृती शेपटीकडे कलली तर नाकात किती वजन घालावे लागेल, हे तरफेच्या नियमाने आधी काढावे, मगच छर्रे घालावेत.

आणि प्रदर्शनात ठेवताना शेजारी पाटी लावावी : प्रमाण १:७२, यात काय काय गाळले आहे. धरण असो की सूर्यमाला, ही पाटी ज्या प्रतिकृतीशेजारी लावता येईल, तिला विज्ञानाची प्रतिकृती म्हणायला हरकत नाही.