सरफोजीराजांची चित्रे आणि बेडकाचे विच्छेदन

तंजावरचे नाव निघाले की मराठी माणसाला सरस्वती महाल ग्रंथालय आठवते. तेथील ग्रंथभांडार समृद्ध करणारे दुसरे सरफोजीराजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) केवळ ग्रंथप्रेमी नव्हते. वैद्यक आणि जीवसृष्टी यांचाही त्यांना मोठा नाद होता. १८२६ मध्ये त्यांना भेटलेल्या बिशप हेबर यांनी लिहून ठेवले आहे की, हा राजा लव्हाझिये, लिनिअस आणि ब्युफाँ यांच्या ग्रंथांतील वचने सहज उद्धृत करतो.

राजांना शरीररचना शिकावयाची होती. परंतु हाडांना शिवणे हा रूढीप्रमाणे विटाळ. तेव्हा त्यांनी कृत्रिम सापळ्याचा मार्ग काढला. पशुपक्ष्यांची चित्रेही त्यांनी आपल्या चित्रकारांकडून काढून घेतली. त्यांतील एक संग्रह इंग्रज रेसिडेंट टोरिन यांच्याकडे गेला आणि आज तो लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. राजांचे कारण सोवळ्याओवळ्याचे होते, दयेचे नव्हे; पण प्रतिकृतीवरून शिकता येते काय, हा त्यांचा प्रश्न पुढे आपल्या शाळा-कॉलेजांपुढेही उभा राहिला.

ज्यांनी कॉलेजात प्राणिशास्त्र घेतले, त्यांना ते प्रात्यक्षिक आठवत असेल. क्लोरोफॉर्मने निश्चेष्ट केलेला बेडूक मेण ओतलेल्या तबकात उताणा टाचावयाचा, कातडी कापून बाजूला सारावयाची, आणि आत हृदय अजून धडधडत असताना वहीत आकृती काढावयाची. काहींची जिज्ञासा तेथे जागी झाली. काहींनी त्याच दिवशी तो विषय सोडला. परंतु बहुतेकांनी काय केले? पुस्तकातील आकृती पाहून वहीतील आकृती पुरी केली! बेडूक मेला तो मेलाच.

१९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यातच असे सुचविले आहे की, पुस्तके, प्रतिकृती वा चित्रपट यांनी काम भागत असेल तेथे शिक्षणसंस्थांनी प्राण्यांवरील प्रयोग टाळावेत. त्या सूचनेला बळ यावयास अर्धे शतक लोटले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतून ते बंद करण्याचा निर्देश दिला.

विरुद्ध बाजूचेही म्हणणे ऐकले पाहिजे. ऊतींचा मऊपणा, एका जीवाहून दुसऱ्याचे वेगळेपण, कात्री धरणाऱ्या बोटांचा संयम या गोष्टी पडद्यावरील चित्र देत नाही. शस्त्रवैद्य होणाऱ्याला त्या कोठेतरी शिकाव्याच लागतात. परंतु वर्गातील प्रत्येक विद्यार्थी काही शस्त्रवैद्य होत नाही. चित्रासाठीही कोणीतरी खरा प्राणी निरखलेला असावा लागतो, हे खरे. मात्र एकाने नीट पाहिलेले शंभरांना पुरते.

तंजावर हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भाताचा मुलूख. भातखाचरातील बेडूक किडे खातो, अंडी घालतो, पिले पाण्यात शेपटीने पोहतात आणि पुढे पाय फुटून काठावर येतात. हे सारे बांधावर बसून पाहता येते; मेणाच्या तबकात यातले काहीच दिसत नाही. म्हणून सुरी काढून घेतल्याने शिक्षकाचे काम संपले असे नव्हे. मुलांना बांधावर नेऊन पाहावयास शिकविणे, हे त्याचे खरे काम तेथून सुरू होते.