चुना, राख आणि रोमचा घुमट

‘रोमन लोक कमानी व घुमट बांधण्यात निष्णात होते.’ हे वाक्य मी आजवर दोन परीक्षांत लिहिले असून दोन्ही वेळा त्याचे गुण मिळाले आहेत. परवा अभ्यास करताना तेच मोठ्याने वाचत होतो, तेव्हा सोप्यात बसलेल्या आजोबांनी विचारले, “घुमट कशाचा रे? दगडाचा की चुन्याचा?” माझे आजोबा जन्मभर गवंडीकाम केलेले. प्रश्न साधा होता, पण मला उत्तर देता येईना. घुमट कशाचा, कसा उभा राहिला, यातले काहीच मला ठाऊक नव्हते. वाचकमित्रहो, हा लेख म्हणजे आजोबांना द्यावयाचे राहिलेले उत्तर आहे.

उदाहरणादाखल रोम शहरातील पँथिऑन हे एकच मंदिर घेऊ. समोर ईजिप्तहून आणलेल्या ग्रॅनाइटच्या सोळा खांबांचा मंडप, मागे प्रचंड वर्तुळाकार दालन आणि त्यावर घुमट. घुमटाचा आतील व्यास सुमारे 43.3 मीटर, आणि जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंचीही तेवढीच. म्हणजे दालनात एक अवाढव्य चेंडू नेमका बसावा अशी ही आखणी. आपल्यापैकी बहुतेकांनी सहलीत विजापूरचा गोल घुमट पाहिला असेल. तो 1656 साली पुरा झाला व त्याचा आतील व्यास सुमारे 38 मीटर आहे. पँथिऑन त्याच्याही पंधराशे वर्षे आधीचे, सम्राट हेड्रियनच्या कारकिर्दीत, इ. स. 126 च्या सुमारास पूर्ण झालेले. लोखंडी सळईचा आधार नसलेला एवढा मोठा काँक्रीटचा घुमट जगात आजही दुसरा नाही.

होय, काँक्रीटचा! आजोबांच्या प्रश्नाचे उत्तर ‘चुन्याचा’ असे आहे. पण नुसत्या चुन्याचा नव्हे. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवून वाळूत मळला की बांधकामाचा चुना तयार होतो. हवेतील कर्बवायू शोषून तो हळूहळू पुन्हा दगडासारखा कठीण होतो. पण जाड बांधकामाच्या पोटात हवा पोचत नाही व तिथला चुना वर्षानुवर्षे कच्चा राहतो. ही अडचण रोमन गवंड्यांनी ज्वालामुखीच्या राखेने सोडवली. नेपल्सच्या आखाताकाठी पुत्सिओली गावाच्या परिसरात ही राख विपुल मिळे. त्या गावावरूनच तिला ‘पोत्सोलाना’ हे नाव पडले. तशीच राख रोमच्या आसपासही होती. तिच्यातील सिलिका व अ‍ॅल्युमिना यांचा चुन्याशी पाण्याच्या सान्निध्यात संयोग होतो आणि मिश्रण हवेवाचून, इतकेच काय पाण्याखालीही, घट्ट होते. म्हणूनच रोमन लोक समुद्रात बंदरे बांधू शकले.

हे सांगत असता आजोबा मध्येच म्हणाले, “म्हणजे आमची सुरखीच की!” मी चमकलो. जुने गवंडी चुन्यात भाजक्या विटांची पूड घालीत, तीच सुरखी. पुढे वाचनात आले की इ. स. पूर्व पहिल्या शतकातील रोमन वास्तुविशारद व्हिट्रूव्हियस याने आपल्या ग्रंथात चुन्यात कुटलेल्या खापरांची पूड मिसळण्याची शिफारस केली आहे. भाजलेल्या मातीचा गुण राखेसारखाच. आजोबांचे शिक्षण चौथीपर्यंत. पण हे रसायनशास्त्र त्यांच्या हाताला ठाऊक होते.

आता घुमट पडत का नाही ते पाहू. घुमटाचे वजन खाली तर येतेच, शिवाय ते पायथ्याशी भिंतींना बाहेरही रेटते. यावर उपाय दोन : रेटा सोसण्यास भिंत भक्कम हवी आणि वरचा भार हलका हवा. पँथिऑनची भिंत सुमारे सहा मीटर जाड आहे व तिच्या पोटात विटांच्या कमानी घालून भार मजबूत भागांकडे वळवला आहे. घुमट तळाशी सुमारे सहा मीटर जाड, तर माथ्याशी जेमतेम सव्वा मीटर. काँक्रीटमधील खडीही बदलत जाते. खाली जड दगड, मधे विटांचे तुकडे, आणि अगदी वर पाण्यावर तरंगेल असा सच्छिद्र ज्वालामुखी दगड. आतून पाच ओळींत 140 चौकोनी खोबणी आहेत. माथ्यावर तर छतच नाही! तेथे आठ-नऊ मीटर रुंदीचे गोल भोक आहे. दालनात उजेड येतो तो मुख्यतः तेथूनच, आणि पाऊसही. पाणी निघून जावे म्हणून फरशीला बेमालूम उतार व छिद्रे ठेवली आहेत. घुमटाला उभ्या भेगा गेल्या आहेत, हेही सांगितले पाहिजे. तरी तो उभा आहे.

अशा बांधकामांच्या दीर्घायुष्याचे आणखी एक कारण अलीकडे पुढे आले. रोमन काँक्रीटमध्ये चुन्याचे पांढरे खडे सापडतात. मिश्रण नीट न मळल्याची ती खूण, असे मानले जाई. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह प्रिव्हर्नम या प्राचीन शहराच्या तटाचे नमुने तपासून जानेवारी 2023 मध्ये वेगळे मत मांडले. कळीचा चुना आधी न विरवता थेट मिसळल्याने हे खडे राहतात. पुढे भेग पडून पाणी शिरले की त्यांतील चुना विरघळतो आणि भेगेत पुन्हा घट्ट होऊन ती बुजवतो. आजोबांना हे पटायला वेळ लागला. “खडा राहिला तर गिलाव्याला फोड यायचे, मुकादम शिव्या घालायचा,” ते म्हणाले. पातळ गिलाव्याबाबत ते खरेच आहे. जाड भिंतीच्या पोटातील गोष्ट निराळी.

शेवटी त्यांनी विचारले, “बांधला कुणी?” मी म्हणालो, हेड्रियन बादशहाने, पण दर्शनी भागावर त्याचे नाव नाही. तेथे आधीचे मंदिर बांधणाऱ्या मार्कस अ‍ॅग्रिप्पाचे नाव कोरले आहे. “अरे, चुना कुणी मळला? बादशहाने?” ते हसले.

याचे उत्तर माझ्यापाशी नाही. पँथिऑनच्या विटांवर शिक्के आहेत. त्यांवरूनच ही इमारत हेड्रियनच्या काळची ठरली. त्या काळच्या अशा शिक्क्यांवर वीटभट्ट्यांच्या मालकांची नावे सापडतात, कॉन्सलची सापडतात. माती तुडवणाऱ्यांची, पालखांवर चढणाऱ्यांची मात्र सहसा सापडत नाहीत. रोममध्ये अशा कामांवर स्वतंत्र कारागीर होते तसे गुलामही होते. सौंदर्याचे कौतुक करताना हे विसरणे मला आता जमणार नाही.

आजोबांच्या बोटांवर चुन्याने पडलेले जुने डाग आहेत. आमच्या भागातील कितीतरी घरांच्या भिंती त्या हातांनी उभ्या केल्या. एकीवरही त्यांचे नाव नाही. येत्या परीक्षेत पहिलेच वाक्य मी पुन्हा लिहीन, पण ‘रोमन लोक’ या शब्दांऐवजी ‘रोमन गवंडी’ असे लिहीन. गुण कमी पडले तरी चालतील.