मरियेचें मौन

वसईच्या रमेदी आणि पापडी या गांवांतलीं ख्रिस्ती देवळें मरियामातेच्या नांवाचीं आहेत. अशा देवळांतील मूर्तीची मुद्रा बहुधा शांत असते. तीवरून त्या स्त्रीच्या मनांत काय चाललें असेल याचा थांग लागत नाहीं. त्यासाठीं ग्रंथाकडेच वळावें लागतें.

चारहि शुभवर्तमानें चाळलीं तर मरिया अवघी सहा वेळां बोललेली आढळते: देवदूताशीं दोनदां, नात्यांतल्या अलीशिबेच्या घरीं एकदां, यरुशलेमच्या मंदिरांत एकदां, काना गांवच्या लग्नघरीं दोनदां. मत्तय व मार्क यांनीं तर तिच्या मुखीं एकहि वाक्य घातलेलें नाहीं.

यांपैकीं मंदिरांतला प्रसंग सर्वांत मानवी. वल्हांडण सण आटोपून यात्रेकरूंचा तांडा परत निघाला. बारा वर्षांचा येशू आप्तांच्या मेळ्यांत असेल असें समजून आईबाप एक दिवसाची वाट चालून गेले. निर्मळच्या जत्रेंत जिचें पोर हातचें सुटलें, त्या आईला पुढचें सांगावें लागत नाहीं. तिसऱ्या दिवशीं तो सांपडला, तेव्हां मरियेनें त्याला जो प्रश्न केला त्यांत राग आणि दुःख दोन्ही आहेत. मुलाचें उत्तर गूढ होतें, आणि लूक निःसंकोचपणें लिहितो कीं तें आईबापांना समजलें नाहीं. बाळाच्या जन्मकाळीं मेंढपाळ येऊन गेले, तेव्हां ती मनांत काय करीत होती हें सांगतांना त्यानें योजिलेल्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ, सुट्या गोष्टी एकत्र आणून जुळवून पाहणें, असा आहे. तिचें अंतरंग कल्पावयाचें तर हें न समजणें आधीं मान्य केलें पाहिजे. सर्व कांहीं आधींच जाणणाऱ्या आईच्या दुःखाला अर्थच उरत नाहीं.

मराठीला अशा मनोगताचें वावडें नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स यांनीं १६१६ सालीं गोमंतकांत छापलेल्या क्रिस्तपुराणांत ही सारी कथा ओवीबद्ध केली. ग्रंथांतील ओवी वेगळी आणि जात्यावरची वेगळी, हें खरें. तरी सासर, माहेर, लेकरूं यांविषयींचें मन बाईनें मोकळें केलें, तें याच छंदाच्या थोरल्या बहिणीपाशीं.

क्रुसाजवळ मात्र कल्पनेनें जपून पाऊल टाकावें. योहान इतकेंच सांगतो कीं ती उभी होती. तिनें आक्रोश केला असें तो म्हणत नाहीं. त्या शुक्रवारीं रविवारची वार्ता कोणासच कळलेली नव्हती. पाचूबंदरची कोळीण वादळांतून न परतलेल्या होडीची वाट पाहत किनाऱ्यावर उभी राहते, तसें तें उभें राहणें असेल. पुढें प्रेषितांच्या कृत्यांत तिचें नांव एकदांच येतें, माडीवर प्रार्थनेस जमलेल्या मंडळींत. तेथेंहि ती काय बोलली हें लिहिलेलें नाहीं.