वीतभर लोखंडाचा आकडा

कोकणातल्या जुन्या घरात भिंतीला आणि तुळईला सदैव काही ना काही लटकत असतं. पडवीत छत्री आणि इरलं, माजघरात कंदील, स्वयंपाकघरात मांजराच्या उडीपासून वाचवलेलं शिंकं, ओटीवर झोपाळ्याच्या कड्या, बाळंतिणीच्या खोलीत पाळण्याचा आकडा. विहिरीत पडलेली कळशी वर काढायचा गळही कुठल्या तरी खुंटीलाच टांगलेला. आज दिवाळीचा आकाशकंदील लावायला आपण खिळा ठोकतो, नाहीतर चिकटवायचा प्लास्टिकचा हूक आणतो. तो पहिल्या पावसाळ्यात भिंतीचा रंग घेऊनच खाली येतो.

हा लेख आहे तो भिंतीवरचा आकडा लोखंडाचा आणि स्वतःच्या हातानं घडवण्याबद्दल. लोहारकाम शिकायची हौस असलेल्या माणसाला विचारा, त्याला पहिल्याच दिवशी सुरी करायची असते. तलवार म्हणणारेही भेटतात. माझं मत स्पष्ट आहे: सुरी पहिली वस्तू नव्हे. तिला जास्त कार्बनचं पोलाद लागतं, धारेला नेमकं पाणी द्यावं लागतं, आणि चूक कुठे झाली ते पातं तुटल्यावर कळतं. आकडा साध्या नरम पोलादाचा होतो. त्याला पाणी देण्याचा प्रश्न नाही. वाकडा झाला तर पुन्हा भट्टीत घाला, सरळ करा, पुन्हा वाकवा. शिवाय लोहाराच्या हातात जी मूळची कामं असतात, म्हणजे टोक ओढणं, वाकवणं, पीळ देणं, पसरवणं, भोक पाडणं, तोडणं, ती सगळी या वीतभर तुकड्यात येऊन जातात.

दापोली तालुक्यातल्या हर्ण्याला हा विषय परका नाही. हे बंदर माशांच्या लिलावासाठी प्रसिद्ध आहे. होड्या खोल पाण्यात थांबतात आणि ओहोटीला बैलगाड्या थेट समुद्रात जाऊन मासळी किनाऱ्यावर आणतात, हे दृश्य पाहायला पर्यटक गर्दी करतात. पण गाडीच्या चाकाकडे कोण बघतं? लाकडी चाकावरची लोखंडी धाव हा लोहाराच्या कसबाचा कळस. चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान कडं करायचं, गोवऱ्या-लाकडांच्या आगीत ते लाल करायचं, फुगलं की चाकावर बसवायचं आणि वरून पाणी ओतायचं. कडं आवळतं, आरे आणि पुठ्ठे एकमेकांत करकचून बसतात. हिशेब सोपा आहे. लोखंड दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०१२ मिलिमीटर वाढतं. एक मीटर व्यासाचं कडं ५०० अंशांनी तापवलं तर त्याचा घेर जवळजवळ १९ मिलिमीटरनं वाढतो. हे गणित कुणी कागदावर मांडत नव्हतं. धावेच्या रंगावरून ते कळत असे. होड्यांचे नांगर, कड्या, सुकाणूच्या बिजागऱ्या याही एके काळी ऐरणीवरूनच येत. चार नख्यांचा नांगर पाहिला तर तो आपल्या आकड्याचाच थोरला भाऊ.

आणि लोखंड इथल्या मातीतच आहे. घरांच्या भिंती ज्या चिऱ्याच्या, तो जांभा लाल असतो तो लोखंडाच्या गंजामुळेच. सह्याद्रीच्या माथ्यावर, महाबळेश्वरच्या परिसरात धावड लोक असल्याच खनिजातून लोखंड गाळत. जंगलावरचे निर्बंध आणि विलायतेहून आलेलं स्वस्त लोखंड यांनी एकोणिसाव्या शतकात तो धंदा संपवला. तेव्हापासून गावचा लोहार बाजारातून आणलेली सळई घडवतो. आपणही तेच करायचं.

दुकानात १० मिलिमीटरची चौरस सळई मागा. गोल नको, कारण गोल सळईला पीळ दिलेला दिसतच नाही. बांधकामाची कांगोरे असलेली सळी फुकट मिळाली तरी पहिल्या कामाला घेऊ नका. तिचे कांगोरे ठोकून मिटवण्यातच जीव जातो. जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड, म्हणजे जुन्या पाइपांचे आणि पत्र्यांचे तुकडे, भट्टीत मुळीच घालायचे नाहीत. जस्त ९०७ अंशांना उकळतं, आणि त्याचा पांढरा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप भरतो. आकड्याला २० सेंटिमीटर लोखंड पुरतं, पण तेवढंच कापून घेऊ नका. मीटरभर सळई तशीच ठेवा. दुसरं टोक हातात धरता येतं, सांडशीची झटापट टळते. नवशिक्याचा अर्धा दिवस सांडशीतून निसटणाऱ्या तुकड्याच्या मागे धावण्यातच जातो.

ऐरण नसेल तर रेल्वेच्या रुळाचा जाड तुकडा चालतो. आपले लोहार बसून काम करतात. ऐरण जमिनीलगत, घण मारणारा समोर उभा. घिसाड्यांच्या पालावर बहुतेक वेळा घण बाईच्या हातात. १९६५च्या ‘साधी माणसं’ चित्रपटानं लोहाराचं हे घर पडद्यावर आणलं. पण ज्याला उकिडवं बसायची सवय उरलेली नाही त्यानं ऐरण ओंडक्यावर ठेवावी. उभं राहून हात खाली सोडला की मुठीला लागेल एवढी उंची. हातोडा एक किलोच्या आतला. जड हातोड्यानं काम लवकर होत नाही, मनगट मात्र लवकर जातं.

भट्टी हा खरा गुरू. कोळसा दगडी असो की करवंटीचा (कोकणात करवंटीला तोटा नाही), लोखंड निखाऱ्यांच्या पोटात ठेवायचं. वर ठेवलं तर तापत नाही, भात्याच्या तोंडाशी नेलं तर हवेनं जळतं. रंग बघायचा तो सावलीत. उन्हात लाल लोखंडही काळंच दिसतं. ७०० अंशांच्या आसपास काळपट लाल, ९०० ते १००० च्या दरम्यान नारिंगी, ११०० च्या पुढे पिवळं. ठोकायचं ते नारिंगी-पिवळ्यावर. आणखी तापवलं की पांढरं होऊन फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायला लागतात. दिवाळी असली तरी हे बघून आनंद मानू नये, लोखंड जळायला लागलेलं असतं आणि तो भाग तोडून टाकण्यापलीकडे उपाय नसतो. बाहेर काढलेली १० मिलिमीटरची सळई पंधरा-वीस सेकंदच कामाची असते. लाली गेली की थांबायचं. थंड लोखंडावर मारलेला घाव आकार देत नाही, चीर पाडतो.

आता टोक ओढणं. इथे घाई करणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत होते. टोक गोल निमुळतं हवं म्हणून ते सळई गोल फिरवत ठोकतात आणि आत पोकळ चीर पडते. रीत अशी: आधी चौरस. एक घाव, पाव वळसा, दुसरा घाव. चारही बाजूंनी सारखं. चौरस निमुळतं झालं की कोपरे बसवून अष्टकोनी. मग हलक्या हातानं गोल. लोखंड नाहीसं होत नाही, सरकतं फक्त. सूच्याकार टोकाचं घनफळ तेवढ्याच लांबीच्या सळईच्या एक तृतीयांश असतं, म्हणून २ सेंटिमीटर सळईतून ६ सेंटिमीटरचं टोक निघतं. नवखा माणूस हे विसरतो आणि आकडा धरायला बसतो तेव्हा तो हातभर लांब झालेला असतो.

टोकाला आधी बारीकशी गुंडाळी करायची, आकड्याच्या वळणाच्या उलट दिशेला. ती शोभेची वाटते, पण तिचं खरं काम म्हणजे सदरा फाटू नये आणि अंधारात हात ओरबाडू नये. मग तेवढीच गुंडाळी पाण्यात बुडवून थंड करायची, मागचा भाग लाल राहू द्यायचा. थंड झालेली गुंडाळी आता दबत नाही. ऐरणीच्या शिंगावर, शिंग नसेल तर जाड पाइपच्या तुकड्यावर, लाल भाग ठेवून पुढच्या बाजूला हलके घाव घालत आकड्याचं पोट वळवायचं. जोर लावला की वळण न येता कोन पडतो.

पीळ देणं हा या कामातला सगळ्यात सोपा आणि बघणाऱ्याला सगळ्यात अवघड वाटणारा भाग. मधला ५-६ सेंटिमीटर भाग एकसारखा नारिंगी करायचा, खालची बाजू व्हाइसमध्ये आवळायची, वरच्या बाजूला पाना लावून एक पूर्ण फेरा. जिथे जास्त तापलेलं असतं तिथे पीळ दाट पडतो, कमी तापलेलं तिथे विरळ. पिळाकडे पाहून जाणकार माणूस भट्टीवर बसणाऱ्याचा हात ओळखतो. चौरस कडा आपोआप नागमोडी धावतात. वेगळी नक्षी कोरावी लागत नाही. लोखंडी कामातली शोभा ही अशीच, हाताच्या हालचालीतून उरलेली. बाजारातल्या ओतीव आकड्यांवर वेलबुट्टी भरपूर असते, पण ती साच्यातली. ती कुठून आली हे आकडा सांगत नाही.

शेवटी सळईपासून आकडा तोडायचा आणि आता मात्र सांडशी लागते. तोडलेलं टोक ऐरणीच्या कडेवर मान काढून हातोड्याच्या चोचीनं पसरवायचं. पिंपळपान सोपं पडतं. छिन्नीनं मधली शीर आणि बाजूच्या शिरा उठवता येतात. हर्ण्याच्या घरात सुरमईची शेपटी जास्त शोभेल. टोक गरम असतानाच छिन्नीनं मधोमध चिरायचं आणि दोन्ही फाटे बाहेर उघडायचे. स्क्रूची भोकं सुंभ्यानं पाडायची तर एका बाजूनं ठोकून सुंभा घट्ट लागला की उलटून दुसऱ्या बाजूनं चकती बाहेर काढायची. ड्रिल मशीननं पाडली तरी कुणी पाप लावत नाही.

काही गोष्टी निक्षून सांगायच्या. चष्मा हवाच. सुती कपडे घाला. टेरिकॉट ठिणगीनं वितळून कातडीला चिकटतं. पायात चप्पल नको. आणि काळ्या लोखंडाला हात लावू नका. लाल लोखंड सगळ्यांना दिसतं. भाजतात ते काळं पडलेलं पण ४०० अंशांवर असलेलं लोखंड उचलणारे.

आता आकडा तयार झाला, पण तो हर्ण्यात टांगायचा आहे. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे कण असतात आणि ते भिंतीवर, कपड्यांवर, लोखंडावर बसतात. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. कोकणच्या पावसाळ्यात ती पातळी रोजची. म्हणजे छपराखाली, पावसाचा थेंब न लागताही, लोखंडावर खारट पाण्याचा थर चढतो. जुन्या घरांचे कड्या-कोयंडे तीन पिढ्या टिकले आणि नवीन ग्रिल पाच वर्षांत पापुद्रे सोडतं, याचं एक कारण जाडी; दुसरं म्हणजे जुनं घडीव लोखंड वेगळं होतं, त्यात काचेसारख्या कीटाचे तंतू असत आणि ते गंजाला अडवत. तसं लोखंड आता जगात व्यापारी प्रमाणावर बनत नाही. ब्रिटनमधला शेवटचा कारखाना १९७० च्या दशकात बंद झाला.

म्हणून शेवटचा हात तेलाचा. तारेच्या ब्रशनं सुटा पापुद्रा घासून काढा, आकडा हाताला सोसणार नाही पण लाल नाही इतपत तापवा, आणि जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा. धूर येतो, काळसर कवच बसतं. दोन-तीन वेळा करा. घरात खोबरेल हाताशी असतं म्हणून ते लावू नका. जवसाचं तेल हवेत वाळून कडक होतं, खोबरेल कधीच वाळत नाही. धूळ आणि मीठ दोन्ही धरून ठेवतं. तेलाचे बोळे मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचा बोळा वाळताना स्वतः तापतो आणि पेटूही शकतो. उलगडून बाहेर वाळत घाला. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, मेणाचा हात दिला की झालं. जांभ्याच्या भिंतीत स्क्रू थेट घट्ट बसत नाही, चिरा सच्छिद्र असतो. मोठं भोक पाडून त्यात सागाची गुटी ठोकावी आणि स्टेनलेस स्टीलचा स्क्रू त्या लाकडात घ्यावा.

शिकायचं कुठे? पुण्याजवळ पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून गावातल्या मुलांना हातानं काम करून तंत्र शिकवण्याची रीत रुजवली; ज्याला पूर्ण वेळ देता येतो त्यानं तिकडे चौकशी करावी. परंपरेनं लोहारकाम करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ पासून आहे. १८ व्यवसायांत लोहारही येतो, पायाभूत प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. आपल्यासारख्या हौशींसाठी ती नाही. हौशीची शाळा म्हणजे जवळच्या बाजारपेठेतला लोहार. कोयत्या-पारळींना धार लावून घ्यायची गर्दी लावणीच्या आधी असते, तेव्हा जाऊ नका. दसरा उलटल्यावर, खंडेनवमीला अवजारांची पूजा होऊन गेली की जा.

एक विनंती. २० सेंटिमीटरच्या या सळईचं वजन १५७ ग्रॅम भरतं. तिच्या वजनावर आकड्याचा भाव करू नका. लोहारानं तुम्हाला भट्टीपाशी बसू दिलं, तुमच्या वाकड्या घावांवर कोळसा जाळला, तर त्याला त्या दिवसाचा पूर्ण रोज आणि कोळशाचे पैसे वेगळे द्या.