गरोदरपणातली खाज : ‘पित्त उठले’ म्हणून सोडून देऊ नका

“डॉक्टर, हिच्या अंगावर पित्त उठलंय. आमसुलाचं पाणी लावून झालं, पण खाज काही जात नाही.” आठव्या महिन्यातल्या सुनेला घेऊन आलेल्या सासूबाई सांगत होत्या. मी सुनेचे हात पाहिले. गांधी कुठेच नव्हत्या, होते ते फक्त नखांचे ओरखडे. रात्री तळहात-तळपाय इतके खाजतात की थंड फरशीवर पाय टेकून बसावे लागते, असे ती म्हणाली.

मी नवीन दवाखाना टाकला तेव्हा अशीच एक गरोदर स्त्री माझ्याकडे आली होती. पोट ताणले की खाज येतेच, असे सांगून मी कॅलामाइन दिले आणि तिला घरी पाठवले. पंधरा दिवसांनी तिचे बाळ पोटातच गेल्याचे कळले. तिचे रक्त तपासलेलेच नव्हते, त्यामुळे कारण हेच होते असे ठामपणे सांगता येणार नाही. पण तेव्हापासून गरोदर स्त्रीने खाजेची तक्रार केली की मी आधी पुरळ शोधतो. पुरळ नसेल तर यकृताची तपासणी सांगतो.

हा विकार कशामुळे होतो?

अंगावर गांधी उठतात त्याला आपण ‘पित्त’ म्हणतो. त्याचा यकृतातल्या पित्ताशी संबंध नसतो. येथे मात्र खरोखरच पित्ताची गोष्ट आहे. यकृतात तयार होणारा पित्तरस बारीक नलिकांतून आतड्यात जातो आणि स्निग्ध पदार्थ पचवतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत स्त्रीच्या शरीरात संप्रेरके फार वाढतात. काही स्त्रियांत, विशेषतः आई-बहिणीला हा त्रास झालेला असल्यास किंवा जुळे असल्यास, त्यामुळे पित्ताचा प्रवाह मंदावतो. पित्तातील आम्ले, म्हणजे बाइल अ‍ॅसिड, रक्तात साठतात आणि खाज सुटते. तिखट-तेलकट खाल्ल्यामुळे किंवा ‘उष्णता’ झाल्यामुळे हा विकार होत नाही. म्हणून गरोदर बाईला उपाशी ठेवू नये.

धोका कोणाला?

आईला खाज आणि जागरण यांचा त्रास होतो. कधी लघवी गडद होते, क्वचित डोळे किंचित पिवळे दिसतात. बाळंतपणानंतर हे सारे बहुधा काही आठवड्यांत निवळते.

खरी काळजी बाळाची. ही आम्ले वारेतून बाळापर्यंत पोचतात. दिवस भरण्याआधीच कळा सुरू होणे, बाळाने पोटातच शी करणे आणि क्वचित बाळ अचानक दगावणे, हे धोके संभवतात. २०१९ साली ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतील माहितीचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. पोटात एकच बाळ असताना बाइल अ‍ॅसिडचे प्रमाण १०० पेक्षा कमी असेल, तर बाळ दगावण्याचा धोका जवळजवळ इतर गरोदर स्त्रियांइतकाच आढळला. प्रमाण १०० किंवा त्याहून अधिक झाल्यास मात्र तो शेकडा ३ ते ४ पर्यंत जातो. म्हणजे बहुतेकींना घाबरण्याचे कारण नाही, पण आपण कोणत्या गटात आहोत हे रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

तपासणी

लिव्हर फंक्शन टेस्ट आणि बाइल अ‍ॅसिड या दोन तपासण्या कराव्यात. दुसरी लहान गावात होत नाही, पण रक्ताचा नमुना मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवता येतो. पहिला अहवाल नॉर्मल आला आणि खाज चालूच राहिली, तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावे. सोनोग्राफी चांगली आहे म्हणून निर्धास्त राहू नये. हा धोका सोनोग्राफीत आधी दिसत नाही.

उपचार

अर्सोडिऑक्सिकोलिक अ‍ॅसिड या गोळ्या डॉक्टर देतात. ब्रिटनमधील २०१९ च्या एका मोठ्या चाचणीत त्यांनी खाज थोडीच कमी झाली, आणि बाळाचा धोका टळतो असे दिसले नाही. त्यामुळे ‘गोळी चालू आहे, आता काळजी नाही’ असे समजू नये. खरा उपाय म्हणजे रक्ताची वेळोवेळी तपासणी आणि योग्य वेळी बाळंतपण. प्रमाण १०० च्या वर असेल तर साधारण ३५-३६ व्या आठवड्यात, ४० ते ९९ असेल तर ३८-३९ व्या आठवड्यात प्रसूती करण्याचा विचार होतो. त्याहून कमी असल्यास बहुधा दिवस भरेपर्यंत थांबता येते. हा निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांनीच घ्यायचा.

घरी थंड पाण्याने अंघोळ, सैल सुती कपडे, कापलेली नखे आणि कॅलामाइन यांनी आराम पडतो. काविळीवरची झाडपाल्याची औषधे मात्र अजिबात घेऊ नयेत.

ताबडतोब दवाखाना गाठा

बाळाची हालचाल कमी वाटली, तर सकाळची वाट पाहू नये. खाजेबरोबर ताप, उलट्या, अन्नावरची वासना जाणे आणि डोळे पिवळे होणे अशी लक्षणे असतील, तर ती साथीची कावीळ असू शकते. दूषित पाण्यातून होणारी ‘ई’ प्रकारची कावीळ गरोदरपणात आईच्या जिवावर बेतू शकते.

बाळंतपणानंतर

सहा आठवड्यांनी यकृताची तपासणी पुन्हा करावी. पुढच्या खेपेला हा त्रास उलटण्याची शक्यता बरीच असते, म्हणून नाव नोंदवतानाच डॉक्टरांना सांगावे. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या घेण्यापूर्वीही हे सांगावे, कारण काही गोळ्यांनी खाज परत येते. बाळंतपणाला माहेरी जाताना तपासणीचे सारे कागद बरोबर न्यावेत. तिकडच्या डॉक्टरांना दुसरीकडून काही कळत नाही.

त्या सुनेचे प्रमाण ४० च्या थोडे वर निघाले. अडतिसाव्या आठवड्यात तिची प्रसूती झाली आणि बाळ सुखरूप आहे. आमसुलाचे पाणी लावायला हरकत नाही, पण त्याच दिवशी डॉक्टरांनाही दाखवा.