मंगळावरची स्वारी आणि पृथ्वीची फौज

नोव्हेंबर १९८५. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहरात तळ्याकाठी दोन माणसं फिरायला निघाली होती. सोबत होते फक्त दुभाषे. एक अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन, दुसरे सोव्हिएत रशियाचे नेते मिखाईल गोर्बाचेव्ह. त्या काळी जगात साठ हजारांहून जास्त अण्वस्त्रं होती आणि त्यातली जवळजवळ सगळी या दोघांच्याच देशांकडे! साऱ्या जगाचे डोळे या भेटीकडे लागलेले. अशा वेळी रेगनसाहेबांनी एकदम भलताच सवाल टाकला. उद्या अंतराळातून कुणी येऊन अमेरिकेवर हल्ला केला, तर तुम्ही आमच्या मदतीला याल का?

गोर्बाचेव्ह म्हणाले, येणार, त्यात शंकाच नको. रेगन म्हणाले, आम्हीही येऊ.

हा किस्सा पुढे खुद्द गोर्बाचेव्ह यांनीच सांगितला. रेगन यांच्या डोक्यातून मात्र ती कल्पना गेली नाही. १९८७च्या सप्टेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेतही ते हेच बोलले. परग्रहावरून संकट आलं, तर आपल्यातले मतभेद किती झटकन विरून जातील, अशा आशयाचं. कुणी हसलं, कुणी कपाळाला आठ्या घातल्या. पण सवाल साधा नव्हता. माणसामाणसांत एकी व्हायला खरंच मंगळावरचा शत्रू यावा लागतो का?

लंडनवर कोसळलेलं संकट

परग्रहवासीयांच्या स्वारीची ही गोष्ट रेगन यांच्या आधी जवळजवळ नव्वद वर्षं लोकांना ठाऊक होती. ती रचली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' ही कादंबरी १८९७ मध्ये 'पिअर्सन्स मॅगझिन'मधून क्रमशः छापून आली आणि १८९८ मध्ये तिचं पुस्तक झालं.

लंडनजवळच्या वोकिंग गावाच्या माळावर आकाशातून एक भलंमोठं नळकांडं येऊन पडतं. गावकरी कुतूहलाने गोळा होतात. आतून बाहेर पडतात मंगळवासी. हळूहळू उभी राहतात तीन पायांची अजस्र यंत्रं. त्यांच्या उष्णकिरणांनी माणसं जागच्या जागी जळून जातात, काळ्या विषारी धुरापुढे तोफखाने गप्प होतात. जगावर राज्य करणारं लंडन शहर जीव मुठीत धरून पळत सुटतं. एक लढाऊ जहाज शर्थ करतं, दोन यंत्रांना जलसमाधी देतं आणि स्वतःही संपतं. बाकी लष्कराचं काही चालत नाही.

मग मंगळवासी हरतात कसे? तोफांनी नाही, तर जंतूंनी! पृथ्वीवरच्या साध्या सूक्ष्म जंतूंशी सामना करायची शक्ती त्यांच्या शरीरात नसते. जगज्जेते बनायला निघालेले हे पाहुणे एकेक करून मरून पडतात. वेल्स जीवशास्त्र शिकलेला लेखक होता, रोगजंतूंचं शास्त्र तेव्हा नवं नवं होतं. त्याचा हा शेवट त्यातूनच आलेला.

पण कथेचं बी वेगळंच होतं. आपल्या भावाशी झालेल्या बोलण्यातून ती सुचली, असं वेल्सनेच सांगितलं आहे. विषय होता टास्मानियाचा. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी त्या बेटावरच्या मूळ रहिवाशांची अशी दशा केली की काही दशकांत ते नामशेष व्हायच्या बेताला आले. आपल्यापेक्षा बलाढ्य कुणी आकाशातून उतरून आपल्याशी तसंच वागलं तर? वेल्सने इंग्लंडलाच आरशासमोर उभं केलं. कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात त्याने टास्मानियाचा दाखला दिला आहे.

त्याच वर्षी पुण्यात

१८९७ हे साल मराठी माणसाला वेगळ्याच कारणासाठी आठवतं. मुंबईपाठोपाठ पुण्यात प्लेगने थैमान घातलं होतं. त्याच्या बंदोबस्तासाठी नेमलेला अधिकारी होता रँड. रोगी शोधायला त्याने गोरे सोजीर घरोघर घातले. ते सरळ स्वयंपाकघरात, देवघरात शिरत. माणसांना घराबाहेर काढून तपासत, सामानाची नासधूस करत. प्लेगपेक्षा ही तपासणीच नको, असं लोकांना झालं होतं.

२२ जून १८९७. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा दिवस. लंडन रोषणाईने झगमगत होतं. इकडे पुण्यात सरकारी समारंभातून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळ्या झाडल्या. त्याच महिन्यांत लंडनमधला वाचक घरात बसून परक्यांनी आपलं शहर कसं उद्ध्वस्त केलं, याची काल्पनिक गोष्ट चवीने वाचत होता. पुणेकर मात्र परक्यांची ही स्वारी उंबरठ्याच्या आत अनुभवत होते.

अन् जंतूंचं काय? त्याच वर्षी जानेवारीत, मुंबईत, वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने प्लेगची लस तयार करून पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था आज त्याचंच नाव चालवते.

रेडिओवरचे मंगळवासी

चाळीस वर्षांनी मंगळवासी अमेरिकेत उतरले. तेही रेडिओवर! ३० ऑक्टोबर १९३८च्या रात्री तेवीस वर्षांच्या ऑर्सन वेल्सने ही कथा बातम्यांच्या थाटात सादर केली. नाचाचं संगीत चालू असताना मध्येच वार्ताहराचा घाबरा आवाज यायचा. न्यू जर्सीतल्या ग्रोव्हर्स मिल या खेड्यात मंगळवासी उतरले आहेत! नाटकात सात हजार सैनिक त्यांच्यावर चालून जातात आणि जेमतेम एकशेवीस वाचतात.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांचे मथळे ओरडू लागले. साऱ्या देशात हलकल्लोळ, लोक रस्त्यावर! आता संशोधक सांगतात की ते वर्णन बरंच फुगवलेलं होतं. कार्यक्रम ऐकणारेच मुळात थोडे होते. पण जे घाबरले, त्यांची गोष्ट विचार करण्यासारखी आहे. नंतर झालेल्या पाहणीत काहींनी सांगितलं, मंगळवासी वगैरे काही नाही, आम्हाला वाटलं जर्मनांनीच हल्ला केला. म्युनिकच्या करारावरची शाई तेव्हा वाळलेलीही नव्हती. युरोपातल्या युद्धाच्या बातम्या रोज रेडिओवर आदळत होत्या. नाव मंगळाचं होतं, भीती मात्र हिटलरची.

१९४९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशात हाच प्रयोग झाला, तेव्हा प्रकरण हातघाईवर आलं. क्विटो शहरातल्या श्रोत्यांना आधी खरोखरच स्वारी झाल्याचं वाटलं. ते नाटक असल्याचं कळताच संतापलेल्या जमावाने रेडिओ केंद्राची इमारत पेटवून दिली. त्यात माणसं मेली. त्यांना मारलं ते मंगळवासीयांनी नव्हे, आपल्याच शहरातल्या लोकांनी!

पडद्यावरची आघाडी

दुसरं महायुद्ध दोस्त राष्ट्रांनी मिळून जिंकलं, अणुबॉम्ब आला आणि गोष्टीचा बाजही बदलला. १९५३च्या चित्रपटात मंगळवासीयांवर अणुबॉम्ब टाकला जातो. त्यांना साधा ओरखडाही उठत नाही, शेवटी पुन्हा जंतूच धावून येतात. एकजुटीने लढणारी पृथ्वी मात्र खऱ्या अर्थाने गाजली ती १९९६च्या 'इंडिपेंडन्स डे'मध्ये. शहरांवर शहरांएवढ्या तबकड्या येऊन थांबतात आणि एका फटक्यात सगळं भस्म होतं. मग तारायंत्राच्या जुन्या कडकट्ट भाषेत देशोदेशीच्या उरल्यासुरल्या फौजांना निरोप धाडला जातो. वाळवंटात अडकलेले वेगवेगळ्या देशांचे वैमानिक तो ऐकून विमानांत बसतात. सगळे मिळून एकाच दिवशी प्रतिहल्ला करतात. तबकड्यांचं कवच भेदायला या वेळी कामाला येतो संगणकाचा व्हायरस. वेल्सच्या जंतूला केलेला हा सलामच!

टाळ्या वाजवून प्रेक्षक बाहेर पडले. पण ही आघाडी बेतलेली होती अमेरिकेने, हुकूम अमेरिकेचा, विजयाचा दिवसही चार जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन! उरलेलं जग निरोपाची वाट बघत बसलेलं. गोष्टीतल्या एकीतसुद्धा पुढारी कोण, हे आधीच ठरलेलं असतं.

आपल्याकडच्या लेखकांनी हा प्रश्न जरा निराळ्या तऱ्हेने हाताळला. डॉ. जयंत नारळीकर यांच्या 'धूमकेतू' कथेत आकाशातून चाल करून येतो तो धूमकेतू. त्याचा शोध लावतो एक हौशी बंगाली निरीक्षक. पृथ्वी वाचवायला देशोदेशीचे शास्त्रज्ञ एकत्र बसतात आणि अंतराळात यान धाडून संकट टाळतात. त्याच वेळी त्या निरीक्षकाच्या घरी मात्र शांतीसाठी यज्ञ चालू असतो! कथेत लढाई होते ती बाहेरच्या शत्रूपेक्षा आपल्या मनातल्या अंधश्रद्धेशी.

खरी आघाडी

आता रेगन यांच्या सवालाकडे परत वळू. माणसांना एकत्र यायला परग्रहावरचा शत्रू लागतो का? इतिहासात याचं एक उत्तर आहे, फक्त त्यावर कुणी तीन तासांचा युद्धपट काढला नाही.

१९५८ साली, शीतयुद्ध ऐन भरात असताना, सोव्हिएत रशियाचे डॉ. व्हिक्टर झ्दानोव्ह यांनी जागतिक आरोग्य परिषदेत प्रस्ताव मांडला. देवीचा रोग जगातून हद्दपार करायचा! १९६७ पासून मोहिमेला जोर आला. तिचं नेतृत्व होतं डी. ए. हेंडरसन या अमेरिकन डॉक्टरकडे. रशियाने लशीचे कोट्यवधी डोस दिले. दोन टोकांची सुई अमेरिकेत निघाली होती. एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेले दोन देश एकाच फौजेत होते आणि शत्रू होता डोळ्यांना न दिसणारा विषाणू. विसाव्या शतकात त्याने तीस कोटी माणसं मारली असा अंदाज आहे.

या युद्धाची सर्वांत अवघड आघाडी होती आपला भारत. १९७४च्या साथीत हजारो बळी गेले. आरोग्य कर्मचारी रोग्याचं चित्र हातात घेऊन दारोदार हिंडले. रोगी दाखवणाऱ्याला बक्षीस ठेवलं गेलं. एक रोगी सापडला की त्याच्या भोवतालची सगळी माणसं टोचून काढायची, असा हा वेढा होता. हीदेखील घराघरांत शिरणारी मोहीमच होती. पण रँडच्या सोजिरांसारखी नव्हे. तिचे बहुतेक शिपाई लोकांचीच भाषा बोलणारे होते. १९७५च्या मे महिन्यात भारतातला शेवटचा रोगी सापडला. १९७७च्या ऑक्टोबरमध्ये सोमालियात नैसर्गिक लागणीचा जगातला शेवटचा रोगी नोंदला गेला. ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य परिषदेने जाहीर केलं, पृथ्वी देवीमुक्त झाली!

म्हणजे जिनिव्हाच्या तळ्याकाठी रेगन यांनी तो सवाल विचारला, त्याच्या साडेपाच वर्षं आधीच दोघांच्या देशांनी मिळून एक परकी स्वारी परतवून लावली होती. मंगळाची वाट न बघता!

अर्थात ही एकी आपोआप टिकत नाही. २०२० मध्ये करोना आला तेव्हा शास्त्रज्ञांनी वर्षाच्या आत लस तयार केली. पण श्रीमंत देशांनी आधीच साठे राखून ठेवले आणि गरीब देशांना रांगेत उभं राहावं लागलं. शत्रू साऱ्या पृथ्वीचा होता, फौज मात्र आपापल्या कुंपणात राहिली.

मंगळावर आजवर उतरलेल्या यानांना तिथे तीन पायांचं एकही यंत्र दिसलेलं नाही. तिकडून स्वारी येईल, अशी चिन्हं नाहीत. खरोखर जिंकलेल्या त्या महायुद्धाची खूण हवी असेल तर ती लांब शोधायला नको. घरातल्या आजी-आजोबांच्या दंडावर बघा. देवी टोचल्याचे ते जुने गोल वण हेच त्या मोहिमेचं पदक आहे.