उपजेची तालीम

जॅझमधला पियानोवादक सोलो वाजवायला लागतो तेव्हा त्याच्यापुढे मोकळे मैदान नसते. मूळ गाण्याची चाल एकदा वाजवून झालेली असते. तिची लांबी ठरलेली असते आणि त्या लांबीत कोणत्या मात्रेवर कोणती कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारा स्वरांचा गट, येणार हेही ठरलेले असते. चाल बाजूला ठेवायची, कॉर्डची साखळी तशीच फिरती ठेवायची आणि तिच्यावर त्याच क्षणी नवी चाल रचायची, याला इम्प्रोवायझेशन म्हणतात. हिंदुस्तानी संगीतातला ‘उपज’ हा शब्द त्याला चांगला शोभतो. साखळीच्या एका पूर्ण फेरीचे नाव कोरस. ते एक आवर्तनच असते.

रागसंगीताची सवय असलेल्या कानाला इथे एक गोष्ट नवी वाटते. तंबोऱ्याचा षड्ज मैफल संपेपर्यंत हलत नाही. जॅझमध्ये मात्र पायाखालची जमीन दर दोन-चार मात्रांनी सरकते. पांढरी एक हा सा धरला, तर सा-ग-प या कॉर्डवर सा अगदी घरचा असतो. पुढच्याच क्षणी खाली प-नी-रे-म ही कॉर्ड आली की तोच सा परका होतो आणि नीकडे उतरायला बघतो. जॅझ पियानो शिकणे म्हणजे बऱ्याच अंशी या सरकत्या जमिनीवर तोल सांभाळायला शिकणे.

सुरुवात बहुधा बारा बारच्या ब्लूजने होते. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे आवर्तन अठ्ठेचाळीस मात्रांचे. सर्वांत साध्या रूपात पहिले चार बार सा ची कॉर्ड, दोन बार म ची, दोन पुन्हा सा ची, मग एकेक बार प आणि म ची, आणि शेवटचे दोन सा ची. या कॉर्डमध्ये शुद्ध ग असतो आणि वरच्या चालीत कोमल ग सर्रास येतो. दोन्ही गांधार एकाच वेळी वाजतात आणि त्या घर्षणातूनच ब्लूजचा रंग निघतो. ड्यूक एलिंग्टन यांच्या ‘सी जॅम ब्लूज’ची चाल तर केवळ प आणि सा या दोन स्वरांवर उभी आहे. पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याला एवढे कळले तरी पुष्कळ, कारण सोलोत स्वर किती आहेत यापेक्षा ते कोणत्या मात्रेवर पडतात याला अधिक वजन असते.

मात्रेचा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. मध्यम लयीत एका मात्रेत दोन स्वर वाजवायचे असले तर जॅझवादक ते समान लांबीचे ठेवत नाही. पहिला साधारण दुप्पट लांब, दुसरा आखूड, जणू मात्रेचे तीन तुकडे करून पहिले दोन एकाला आणि तिसरा दुसऱ्याला दिला आहे. लय वाढत गेली की हा फरक कमी होत जातो. टाळी पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर नव्हे, तर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. समेवर जोर द्यायची सवय असलेल्या हाताला हे वळण लागायला वेळ लागतो. या सगळ्या चालीला स्विंग म्हणतात. ती वर्णन वाचून येत नाही, रेकॉर्डबरोबर वाजवूनच येते.

ब्लूजनंतर भेटतो तो जॅझमधला सर्वांत वापरातला तुकडा, तीन कॉर्डचा. आधी रे-म-ध-सा, मग प-नी-रे-म आणि शेवटी सा-ग-प-नी. प्रत्येक कॉर्डमधला तिसरा आणि सातवा स्वर तिची ओळख सांगतो. पहिल्या कॉर्डमध्ये ते म आणि सा, दुसरीत नी आणि म, तिसरीत ग आणि नी. म आधी जागेवर थांबतो आणि मग ग वर उतरतो. सा नी वर उतरतो आणि तिथेच राहतो. तीन कॉर्ड बदलल्या, पण बोटे जेमतेम दोनदा हलली. डाव्या हाताने एवढे दोन स्वर धरले तरी कानाला पूर्ण वाट दिसते. मूळ स्वर वाजवायला बास असतोच. जुन्या स्ट्राइड शैलीत जेम्स पी. जॉन्सन किंवा फॅट्स वॉलर यांचा डावा हात खर्जातला स्वर आणि मधल्या सप्तकातली कॉर्ड यांच्यामध्ये सतत उड्या मारत असे. 1940च्या दशकात बड पॉवेल यांनी तोच हात विरळ केला, मोजक्या स्वरांचे ठोके देणारा, आणि उजवा हात सॅक्सोफोनसारखा मोकळा सुटला.

इथवरचे सारे एकट्याने बसून येऊ शकते. खरी अडचण पुढे असते. कॉर्ड ओळखू येतात, बोटे फिरतात, तरी सोलो म्हणून जे निघते ते सरगमपट्ट्यांची ने-आण असते. त्यावरचा उपाय ऐकायला विचित्र वाटेल: उत्स्फूर्त वाजवायचे तर आधी लिहायचे. उपज ही वेगाने केलेली रचना आहे असे मानले, तर आधी ती सावकाश करून पाहायला हवी. एका आवर्तनाचा सोलो कागदावर रचायला आठवडा लागला तरी हरकत नाही. त्या आठवड्यात प्रत्येक स्वर का निवडला याचा विचार होतो, आणि वाजवताना त्याला वेळ नसतो.

हा विचार शिस्तीने शिकवणाऱ्यांत लेनी ट्रिस्टानो यांचे नाव अग्रभागी येते. शिकागोत 1919 साली जन्मलेले हे अंध पियानोवादक 1946 मध्ये न्यूयॉर्कला आले आणि पुढे आयुष्यभर शिकवत राहिले. विद्यार्थ्याने लेस्टर यंग किंवा चार्ली पार्कर या सॅक्सोफोनवादकांचा सोलो आधी रेकॉर्डबरोबर गायचा, श्वास आणि आघात यांच्यासकट गायचा, आणि गळ्यात पक्का बसल्यावरच वाद्याला हात लावायचा, असा त्यांचा आग्रह असे. गुरूच्या मागे गाऊन शिकण्याची परंपरा असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटणार नाही. इथे गुरूच्या जागी रेकॉर्ड होती इतकेच. स्वतः पार्कर यांनीही 1937च्या उन्हाळ्यात लेस्टर यंग यांच्या रेकॉर्ड सोबत नेऊन त्यांतले सोलो घोटले होते.

ट्रिस्टानो यांचे विद्यार्थी नव्या चाली रचत आणि त्या एकमेकांबरोबर वाजवत. सॅक्सोफोनवादक ली कोनिट्झ यांची ‘सबकॉन्शस-ली’ ही रचना त्याच काळातली. 1949 मध्ये ती ध्वनिमुद्रित झाली. कोल पोर्टर यांच्या एका लोकप्रिय गाण्याच्या कॉर्ड तशाच ठेवून त्यांच्यावर वळणावळणांची, अगदी सोलोसारखी वाटणारी चाल बसवलेली आहे. जुन्या सांगाड्यावर नवी चाल चढवण्याची ही रीत त्या पिढीत सर्वत्र होती. जॉर्ज गर्श्विन यांच्या 1930 मधल्या ‘आय गॉट रिदम’ या गाण्याच्या कॉर्डवर इतक्या चाली रचल्या गेल्या, की त्या साखळीलाच ‘रिदम चेंजेस’ असे नाव पडले. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स यांची ‘ओलिओ’ त्यांपैकीच एक. म्हणजे लिहिलेला सोलो आणि नवी रचना यांच्यामधली भिंत फार पातळ आहे. विद्यार्थ्याचा गृहपाठही चांगला जमला तर गाणे होऊ शकतो.

सहाध्यायांचे महत्त्व इथे सुरू होते. बारा बारचा ब्लूज चार-चार बारच्या तीन भागांत सहज तुटतो. ब्लूजच्या शब्दांतही एक ओळ, तीच ओळ पुन्हा आणि मग तिचे उत्तर अशी मांडणी असते. तीन विद्यार्थ्यांनी एकेक भाग वाटून घ्यायचा. पहिला चार बार लिहितो. दुसऱ्याने त्याच कल्पनेला थोडे वळवून पुढे न्यायचे, कारण खाली आता म ची कॉर्ड आली आहे आणि पहिल्याचा शुद्ध ग तिथे कोमल करावा लागतो. तिसऱ्याने सगळ्याचा शेवट करायचा. दुसऱ्याच्या चार बारांची जबाबदारी घेताना जेवढे लक्ष देऊन ऐकावे लागते, तेवढे स्वतःचे वाजवताना सहसा कोणी ऐकत नाही. या सरावातली सर्वांत मोठी कमाई हीच.

दुसरा सराव परीक्षेसारखा आहे. एकाने आपला लिहिलेला सोलो फक्त उजव्या हाताने वाजवायचा, खाली एकही कॉर्ड नाही. बाकीच्यांनी डोळे मिटून कॉर्ड कुठे बदलली ते हात वर करून दाखवायचे. सोलो सुरेख बांधलेला असेल तर हात योग्य जागी वर जातात, कारण बदलाच्या मात्रेवर नव्या कॉर्डचा ओळखीचा स्वर पडलेला असतो. हात वर गेले नाहीत तर दोष कुठे आहे हे वादविवादाशिवाय समजते. मग दुरुस्ती होते: म-कोमल ग-ग असे वरून आणि खालून घेरत ग वर यायचे, आणि ते येणे नेमके पहिल्या मात्रेवर पाडायचे. एवढ्या बदलाने ओळ बोलू लागते.

या बांधणीचा एक देखणा नियम डेट्रॉइटचे पियानोवादक बॅरी हॅरिस शिकवत. प-नी-रे-म या कॉर्डवर वरच्या प पासून उतरताना सात स्वर घेतले तर आठव्या जागी पुन्हा प येतो आणि पुढच्या फेरीत सगळे स्वर मात्रेवरून घसरतात. त्यात एकच जादा स्वर घालायचा, तीव्र म. आता उतरण अशी होते: प, तीव्र म, म, ग, रे, सा, नी, ध. मात्रेवर पडणारे एक-आड-एक स्वर पाहावेत: प, म, रे, नी. हीच ती कॉर्ड, एकही स्वर इकडेतिकडे नाही. पार्कर आणि पॉवेल यांच्या बेबॉप शैलीतल्या वेगवान ओळी इतक्या घट्ट का वाटतात याचे इतके सोपे उत्तर दुसरीकडे मिळत नाही. हॅरिस 1929 मध्ये जन्मले. डेट्रॉइटमधल्या त्यांच्या घरी तरुण वादक शिकायला जमत. 1960 नंतर ते न्यूयॉर्कला राहिले आणि 2021 मध्ये निधन होईपर्यंत शिकवत राहिले. वर्गात ते एखादी ओळ जागच्या जागी रचत आणि जमलेले सारे ती लगेच उचलत. रचना आणि शिकवणी अशी एकाच श्वासात चाले.

त्याआधीच्या पिढीला अशा वर्गाची गरज नव्हती, कारण तिच्याकडे घरे आणि क्लब होते. हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाउसमध्ये 1940च्या सुमारास थेलोनियस मंक पियानोवर असत आणि डिझी गिलेस्पी यांच्यासारखे वादक रात्री काम संपल्यावर तिथे येत. मेरी लू विल्यम्स या थोर पियानोवादक आणि रचनाकार स्त्रीच्या हार्लेममधल्या घरी मंक, बड पॉवेल आणि टॅड डॅमरन येत. एकाने नवी कॉर्ड दाखवायची, दुसऱ्याने ती दुरुस्त करायची. बेबॉपच्या इतिहासात या दिवाणखान्याला त्याच्या योग्यतेचे स्थान अजून मिळालेले नाही.

पुढे ही तालीम संस्थांत गेली. बोस्टनमधली, आज बर्कली म्हणून ओळखली जाणारी शाळा 1945 मध्ये सुरू झाली. मॅसॅच्युसेट्समधल्या लेनॉक्स इथे 1957 ते 1960 या काळात उन्हाळी जॅझ शाळा भरे. पियानोवादक जॉन लुइस तिचे प्रमुख होते आणि 1959 मध्ये सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन तिथे विद्यार्थी होते. जेमी एबरसोल्ड यांनी 1967 पासून सरावाच्या रेकॉर्ड काढल्या. तबल्याच्या रियाजाला लेहरा लागतो तसा त्यांचा उपयोग होतो. पियानो एका बाजूच्या स्पीकरवर आणि बास दुसऱ्या बाजूच्या, त्यामुळे पियानोवादकाला रेकॉर्डवरचा पियानो बंद करून त्या जागी स्वतः बसता येते. 1970च्या दशकाच्या मध्यावर बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी शेकडो गाण्यांच्या चाली आणि कॉर्ड हाताने लिहून ‘द रिअल बुक’ तयार केले. परवानगी नसल्याने ते वर्षानुवर्षे लपूनछपून विकले गेले. कायदेशीर आवृत्ती निघायला 2004 साल उजाडले. जगभरच्या विद्यार्थ्यांना समान पाठ देणारे पुस्तक विद्यार्थ्यांनीच घडवले, ही गोष्ट या कलेला साजेशीच आहे.

मुंबईलाही ही तालीम अपरिचित नव्हती. 1930च्या दशकात अमेरिकन पियानोवादक टेडी वेदरफोर्ड ताजमहाल हॉटेलात वाजवत. चर्चच्या शाळांत स्टाफ नोटेशन शिकलेले गोव्याचे वादक त्या काळी मुंबईच्या जॅझ बँडमध्ये तयार झाले आणि पुढे त्यांतले अनेक हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. 1978 मध्ये मुंबईत पहिली जॅझ यात्रा भरली तेव्हा सॉनी रोलिन्स तिथे वाजवून गेले.

रोलिन्स यांचे नाव इथे आणखी एका कारणाने येते. 1956 मधला त्यांचा ‘ब्लू सेव्हन’ हा ब्लूज घेऊन संगीतकार आणि समीक्षक गुंथर शुलर यांनी 1958 मध्ये एक लेख लिहिला आणि सुरुवातीच्या चालीतलेच तुकडे सोलोभर कसे परत येत राहतात ते दाखवून दिले. बढतीत एकच स्वरसमूह खेळवत नेणाऱ्या गवयासारखेच हे काम आहे. लिहिलेला सोलो दुसऱ्या खर्ड्यात सुधारतो तो याच मार्गाने. पहिल्या खर्ड्यात सहसा दहा कल्पना असतात. सहाध्यायी त्यांतली एक निवडतात आणि उरलेल्या नऊ खोडायला लावतात. खोडलेल्या जागी पुष्कळदा काहीच लिहायचे नसते. तिथे विश्रांती येते आणि वादकाला श्वास घ्यायला जागा मिळते.

कागदाचे काम इथे संपते. तयार झालेला कोरस पाठ करायचा, मग बाराही पट्ट्यांत फिरवायचा. पांढरी एकवर सहज चालणारी बोटे काळी तीनवर अडखळतात, आणि अडखळली की स्वरांऐवजी नाती आठवावी लागतात: हा तिसरा, हा सातवा, हा खालून आलेला. तिसऱ्या-चौथ्या पट्टीत एखादी जागा विसरते, हात क्षणभर चुकतो आणि तिथे न लिहिलेले काही तरी वाजून जाते. कसलेला शिक्षक तिथे वादकाला थांबवत नाही.

यानंतर कोरस चार-चार बारांत वाटून पुन्हा खेळायचा. चार बार लिहिलेले, पुढचे चार त्याच क्षणी सुचलेले, आणि दोघांनी आळीपाळीने. एकाच पियानोवर दोघे बसले तर खालच्या बाजूचा संगत धरतो आणि वरच्या बाजूचा सोलो वाजवतो. आवर्तन संपले की जागा बदलतात. आवर्तन कुठे संपले हे कोणी मोजून सांगत नाही. बाराव्या बारनंतर दोघेही एकत्र पहिल्या मात्रेवर येतात, आणि समोरचा कागद तोवर उलटा ठेवलेला असतो.